नाव सोनुबाई

वर्षभर या सदरातून आपण शब्दांची विचारपूस करतो. कुठला शब्द कुठून निघाला, वाटेत कोणाकोणाच्या घरी उतरला आणि आज त्याची प्रकृती कशी आहे, एवढेच आपले काम. दिवाळी अंकासाठी संपादकांचा निरोप आला, "यंदा काहीतरी गोड लिहा." तो निरोप शिरसावंद्य मानून मी यंदा असे शब्द निवडले आहेत, जे या पंधरवड्यात आपल्या प्रत्येकाच्या घरात पिशवी भरभरून येतात. ते कोणत्याही कोशात नाहीत. ते साबणाच्या वेष्टनावर, तुपाच्या डब्यावर, बर्फीच्या खोक्यावर, आणि बहुधा कोपऱ्यात, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत असतात. ते वाचून झाल्यावर तोंड गोड राहील की नाही, याची हमी मात्र मी देत नाही.

दिवाळीची यादी हा मध्यमवर्गीय घरातला सर्वात जास्त वाचला जाणारा मजकूर आहे. तिच्यावर जेवढी चर्चा होते तेवढी आमच्या विद्यार्थ्यांत ज्ञानेश्वरीवरही होत नाही. पण ही सारी चर्चा दोन प्रश्नांभोवती फिरते: किती आणायचे आणि केवढ्याला मिळते. तिसरा प्रश्न, म्हणजे हे नेमके आहे काय, हा आपण विचारीत नाही. कारण तो वेष्टनानेच सोडवला आहे असे आपण धरून चालतो. आमच्या कोपऱ्यावरचे शेठ एकदा वजन करता करता म्हणाले, "सर, भाव विचारणारे शंभर. माल विचारणारा एखादाच." शेठांना अर्थशास्त्राची पदवी नाही. पण या विषयावरचे सारे अर्थशास्त्र त्या दोन वाक्यांत आहे, हे पुढे दिसेलच.

सुरुवात अभ्यंगस्नानापासून करू.

नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणे लावून झाले की नवा साबण फोडायचा, ही आपली अलीकडची परंपरा. नव्या साबणाचे वेष्टन सोडण्याआधी तो नाकाशी नेऊन हुंगणे हा तिचा पहिला विधी. साबण विकणाऱ्याला हा विधी पुरता ठाऊक आहे. म्हणून सुवासाच्या बाबतीत तो सहसा हात आखडता घेत नाही. हात आखडायचा तो जिथे नाक पोहोचत नाही तिथे.

साबण म्हणजे मुळात तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांच्या संयोगातून झालेली वस्तू. त्यातला मोलाचा भाग तेलाचा. तो किती आहे हे सांगणारा आकडा वेष्टनावर 'टी.एफ.एम.' या तीन अक्षरांपुढे छापलेला असतो. म्हणजे एकूण स्निग्ध द्रव्य. आपल्या भाषेत याला एक फार देखणा शब्द आहे: स्नेह. संस्कृतात स्नेह म्हणजे तेल आणि स्नेह म्हणजे माया. दोन्ही गोष्टी रुक्षपणा घालवतात, म्हणून एकच शब्द. तर साबणात स्नेह किती असावा याची भारतीय मानक ब्यूरोने प्रतवारी लावून दिली आहे. पहिल्या प्रतीच्या साबणात किमान ७६ टक्के, दुसऱ्या प्रतीच्या ७० टक्के, तिसऱ्या प्रतीच्या ६० टक्के. त्याहून खाली 'बेदिंग बार' नावाची एक वेगळीच जात आहे. तिला ४० टक्के स्नेहावर भागवता येते.

आता वेष्टनावरील भाषा पाहा. 'टॉयलेट सोप' हे शब्द जाऊन त्या जागी 'बेदिंग बार' हे शब्द येतात, तेव्हा ग्राहकाला वाटते की इंग्रजी सुधारले. वस्तुतः जात बदललेली असते. चित्रातली सुंदरी तीच, रंग तोच, सुवास तोच. फक्त नाम बदलले. न्यायाने बोलायचे तर प्रत्येक 'बेदिंग बार' वाईट असतो असे नाही. काही वड्या साबणाऐवजी कृत्रिम क्षालकांच्या बनवतात, आणि नाजूक किंवा कोरड्या त्वचेला त्या साबणापेक्षा सौम्य पडतात. तिथे स्नेहाचा आकडा कमी असणे हा दोष नव्हे. पण जिथे स्नेह काढून घेऊन त्याची जागा शंखजिऱ्याच्या भुकटीसारख्या भरताडाने भरली जाते, तिथे ती वडी साबणदाणीत दोन दिवसांत चिखल होऊन बसते, आणि महिन्याच्या यादीत 'साबण' हा शब्द दोनदा लिहावा लागतो.

उत्पादक असे का करतो? तो दुष्ट आहे म्हणून? तसे म्हणणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. साबणाला लागते त्यातले पुष्कळसे तेल पामचे असते, आणि आपल्या देशात पामतेल प्रामुख्याने इंडोनेशिया आणि मलेशिया या देशांतून येते. २०२२ च्या एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली होती. असे काही झाले, तेल महागले, की साबणवाल्यापुढे तीन वाटा असतात. एक, किंमत वाढवणे. दोन, किंमत तीच ठेवून वडी लहान करणे. तीन, किंमत आणि वडी तीच ठेवून आतला स्नेह कमी करणे. पहिली वाट ग्राहकाला त्याच क्षणी दिसते. दुसरी फार थोड्यांना दिसते. तिसरी जवळजवळ कोणालाच दिसत नाही. नफ्याची ओढ ही पाण्यासारखी आहे. तिला वाईट वळण असते असे नाही, उताराचे वळण असते. आणि उतार नेहमी अंधाराच्या बाजूला असतो.

दुसऱ्या वाटेचा अनुभव आपल्या मुलांनाही आहे. पाच रुपयांचा पुडा वर्षानुवर्षे पाच रुपयांचाच राहतो. आपण म्हणतो, "महागाईच्या दिवसांत एवढी एक गोष्ट तरी स्वस्त राहिली." स्वस्त कसली? किंमत उभी आहे आणि वजन बसले आहे. पूर्वीचे वाणी काटा मारीत. आता काटा मारावा लागत नाही, कारण वजन कमी झाल्याचे वेष्टनावरच अगदी कायदेशीरपणे छापलेले असते. लबाडी म्हणावी तर ती लबाडी नाही, आणि सरळपणा म्हणावा तर जीभ रेटत नाही.

आता गोडाकडे वळू.

आमच्या वर्गात एकदा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, 'फ्लेवर्ड'ला मराठीत काय म्हणायचे?" मी 'स्वादयुक्त', 'स्वादित' असे काही तोलून पाहत होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरून उत्तर आले, "नुसत्या वासाचे!" वर्ग हसला. मला मात्र ते उत्तर परिभाषा समितीकडे पाठवावेसे वाटले. कारण त्या मुलाने दोन शब्दांत तो व्यवहार उघडा केला होता. बदामाचे दूध आणि बदाम-स्वादाचे दूध यांत जो फरक आहे तो फक्त षष्ठी विभक्तीचा नाही. तो बदामांचा आहे.

आपली मराठी या बाबतीत फार प्रामाणिक भाषा आहे. 'केशराची बर्फी' म्हटले की तिच्यात केशर असलेच पाहिजे. 'केशरी बर्फी' म्हटले की तिचा रंग केशरासारखा असला तरी पुरे. पहिल्या शब्दात वस्तूची हमी आहे, दुसऱ्यात केवळ साम्य आहे. मिठाईवाल्याच्या पाटीवर यांपैकी कोणता शब्द आहे, हे पाहून घ्यावे. मिठाईवाला व्याकरण शिकलेला नसेल. पण कोणते रूप वापरले असता अंगाशी येत नाही, हे तो पाणिनीपेक्षाही पक्के जाणतो.

हाच खेळ आइस्क्रीमचा. आपल्याकडील अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे साधे आइस्क्रीम म्हणवून घ्यायचे तर त्यात दुधाचा स्निग्धांश किमान १० टक्के असावा लागतो. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल किंवा चरबी वापरली, तर त्या पदार्थाला 'फ्रोझन डेझर्ट' म्हणावे लागते. आकार तोच, कांडी तीच, शीतकपाटही तेच; फक्त डब्यावरचे दोन शब्द निराळे. २०१७ साली या शब्दांवरून अमूलवाली गुजरातची सहकारी संस्था आणि हिंदुस्थान युनिलिव्हर यांच्यात मुंबई उच्च न्यायालयात जुंपली होती. सहकारी संस्थेच्या जाहिरातीत फ्रोझन डेझर्टचा संबंध 'वनस्पती'शी जोडला होता. न्यायालयाने त्या जाहिरातीला मनाई केली. तेव्हा हेही लक्षात ठेवले पाहिजे की फ्रोझन डेझर्ट हा कायदेशीर पदार्थ आहे, आणि त्याला हवे ते नाव ठेवण्याचा अधिकार प्रतिस्पर्ध्याला नाही. माझे म्हणणे एवढेच, की जे मूल "आई, आइस्क्रीम!" म्हणून हट्ट धरते त्याच्या हातात आपण काय देतो, ते आईला ठाऊक असावे.

आणखी एक गंमत. आइस्क्रीममध्ये हवा असते. ती असलीच पाहिजे, नाहीतर तो बर्फाचा दगड होईल. परंतु किती? नियम सांगतो की एक लिटर आइस्क्रीमचे वजन ५२५ ग्रॅमपेक्षा कमी असू नये. म्हणजे डब्याचा निम्म्याच्या आसपास भाग हवेचा असला तरी नियम मोडत नाही. आणि आइस्क्रीमचे माप बहुधा मिलिलिटरमध्ये सांगितले जाते! पुढच्या वेळी दोन कंपन्यांचे सारख्या मापाचे डबे दोन हातांत घेऊन पाहा. हवा खाल्ल्याने पोट भरत नाही असे आपण मुलांना सांगतो. तिचे पैसे पडतात, हेही सांगायला हरकत नाही.

फळांच्या पेयांतही असेच आहे. 'ज्यूस' आणि 'फ्रूट ड्रिंक' हे दोन शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. कायदा तसे करीत नाही. 'फ्रूट ड्रिंक' म्हणवणाऱ्या पेयात फळाचा रस १० टक्के असला, लिंबाच्या बाबतीत ५ टक्के असला, तरी चालते. उरलेल्या बाटलीत पाणी, साखर आणि चित्रातला आंबा.

या सगळ्यावरून मी दोन नियम बांधले आहेत. ते भाषाशास्त्राच्या पुस्तकात नाहीत, पण किराण्याच्या दुकानात उपयोगी पडतील. पहिला: माल उतरतो तेव्हा आधी त्याचे नाव बदलते. दुसरा: विशेषण वाढले की समजावे, विश्वास घटला.

दुसऱ्या नियमाचा इतिहास तुपाच्या डब्यात आहे. 'साजूक' म्हणजे ताजे, नुकते कढवलेले. ते विशेषण शिळ्या तुपापासून ताजे तूप वेगळे दाखवण्यासाठी होते. १९३७ साली 'डालडा' हे नाव बाजारात आले, वनस्पती तूप घरोघर पोहोचले, आणि साजूक या बिचाऱ्या शब्दाला नवे काम लागले: मी वनस्पती नव्हे, असे सांगण्याचे. पुढे 'शुद्ध' आले, 'अस्सल' आले, 'देशी' आले. आज एखाद्या डब्यावर 'शंभर टक्के शुद्ध अस्सल देशी गाईचे तूप' असे लिहिलेले असते. ज्या काळी नुसते 'तूप' म्हटले की भागत होते, त्या काळापासून आपण किती लांब आलो याचे मोजमाप या चार विशेषणांत आहे.

वनस्पती हा स्वतः काही ठक नव्हता. गरिबाच्या कढईत त्याने पुष्कळ पुऱ्या तळल्या. ठकबाजी सुरू झाली ती तो तुपात मिसळला जाऊ लागल्यावर. दोघांचा रंग आणि रवाळपणा एवढा जवळचा की जिभेलाही चकवा बसावा. तेव्हा सरकारने एक फार शहाणपणाची युक्ती केली. वनस्पती बनवणाऱ्याने त्यात किमान ५ टक्के तिळाचे तेल घातलेच पाहिजे, असा नियम केला. कशासाठी? तिळाच्या तेलात असे काही द्रव्य असते की हायड्रोक्लोरिक आम्ल आणि साखर यांच्या संयोगाने ते गुलाबी-लाल रंग देते. रसायनशास्त्रात या परीक्षेला बोदुआँची परीक्षा म्हणतात. तुपात वनस्पती मिसळली की तिच्याबरोबर तीळही येणार, आणि परीक्षानळीत तो लाजून लाल होणार! १९५४ साली अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला. परंतु त्या कायद्याच्या शेकडो शब्दांपेक्षा डब्यातला हा मूक साक्षीदार मला अधिक बोलका वाटतो. नफ्याची ओढ कायद्याने नाहीशी होत नाही. तिच्या वाटेवर एक दिवा मात्र लावून ठेवता येतो.

आता शेठांचे अर्थशास्त्र.

१९६७-६८ च्या सुमारास जॉर्ज अकरलॉफ नावाचा एक तरुण अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ दिल्लीत वर्षभर राहिला होता. १९७० साली त्याने एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात मुख्य उदाहरण आहे अमेरिकेतल्या जुन्या मोटारींच्या बाजाराचे; पण भारतातल्या गृहिणीचीही आठवण आहे. बाजारातून आणलेल्या तांदळात मुद्दाम घातलेले, तांदळाच्याच रंगाचे आणि आकाराचे खडे तिला वेचून काढावे लागतात, असे त्याने नोंदवले आहे. या निबंधातील विचारासाठी २००१ साली त्याला इतर दोघांसह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याचा विचार सोपा आहे. समजा, बाजारात चांगला आणि वाईट असे दोन माल आहेत, आणि गिऱ्हाइकाला पाहून फरक कळत नाही. मग गिऱ्हाईक चांगल्या मालाची किंमत कशाला देईल? फसण्याची शक्यता धरून तो मधली किंमत देऊ करतो. वाईट मालवाल्याला ती भरपूर होते. चांगल्या मालवाल्याला ती परवडत नाही. तो दुकान बंद करतो. तो गेल्यावर बाजारात वाईट मालाचे प्रमाण वाढते, गिऱ्हाईक अधिक सावध होते, किंमत आणखी खाली ओढते, आणि उरल्यासुरल्या चांगल्यांपैकी आणखी एक जण उठून जातो. इथे कोणाला खलनायक व्हावे लागत नाही. प्रत्येक जण आपापल्या परीने शहाणपणानेच वागतो, आणि सर्वांच्या शहाणपणाची बेरीज निकृष्ट माल अशी येते.

हे पुस्तकी वाटत असेल तर आमच्या आळीतली हकिगत सांगतो. गावाकडून लोणी आणून स्वतः कढवून तूप विकणारे एक काका होते. किटलीवर ना वेष्टन, ना विशेषण, नुसते तूप. काही वर्षांपूर्वी चकचकीत डबे स्वस्त मिळू लागले. आळीतल्या बायका काकांना म्हणू लागल्या, "काका, तुमचे फारच महाग हो." आमच्या सौ.ने एकदा थोडी घासाघीस केली, तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, स्वस्त करता येईल की. पण मग ते माझे तूप राहणार नाही." ते रागावले नव्हते, हिशेब सांगावा तसे त्यांनी सांगितले. पुढच्या दिवाळीला ते आले नाहीत. कोणी तरी सांगितले की त्यांनी म्हशी विकल्या. त्या डब्यांपैकी एकही भेसळीचा होता असे मी म्हणत नाही. कदाचित सगळे नियमात बसणारे असतील. पण कोणते तूप काकांच्या तोडीचे आणि कोणते नुसते नियमापुरते, हे सांगणारी जीभ आळीत उरली नव्हती. म्हणून निकाल किमतीने दिला.

निकृष्ट मालाने आपले चार पैसे जातात, हे नुकसान लहान आहे. चांगला माल करणारा माणूस निघून जातो, हे मोठे. आणि त्याच्यामागून चांगला माल ओळखणारी नजर जाते, हे सर्वात मोठे. कारण मग तो परत आला तरी त्याला ओळखणार कोण?

शिवाय या व्यवहाराची किंमत कोण भरते तेही पाहावे. तांदळातले खडे निवडण्याचे काम अर्थशास्त्रज्ञाला दिसले, पण आपल्याला ते कधी काम वाटलेच नाही. दुपारी सूप घेऊन ओसरीवर बसलेली आजी हे आपल्याला सुखी संसाराचे चित्र वाटत आले. परंतु हिशेब केला तर व्यापाऱ्याच्या अप्रामाणिकपणाचा तो कर होता, आणि तो घरातल्या बाईच्या डोळ्यांतून आणि कमरेतून वर्षानुवर्षे वसूल होत होता. आज तांदूळ यंत्राने साफ होऊन पिशवीत येतो.

आणि इथेच नफ्याच्या बाजूनेही दोन शब्द बोलले पाहिजेत. ती साफ तांदळाची पिशवीही कोणीतरी नफ्यासाठीच काढली. बिनखड्यांच्या तांदळाला गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देईल, हे ज्याने ओळखले तोही व्यापारीच. नफा नको असे म्हणणारा माणूस उद्या दुकान उघडणार नाही, आणि सारे काही सरकारने करावे म्हणणाऱ्याने रांगा आठवाव्यात. जिथे गुण डोळ्याला दिसतो, तिथे नफ्याची ओढ माल सुधारते. जिथे दिसत नाही, तिथे तीच ओढ माल उतरवते. सगळा प्रश्न उजेडाचा आहे.

उजेडाचा विषय निघाला म्हणून विजेच्या दिव्याची गोष्ट सांगतो. दिवाळीला ती शोभेलही. १९२४ च्या डिसेंबरात जिनिव्हा येथे जगातल्या मोठमोठ्या दिवे बनवणाऱ्या कंपन्यांनी एक करार केला. ओसराम आणि फिलिप्स ही नावे त्यात होती. फीबस या नावाने हा गट ओळखला जातो. तेव्हा दीड-दोन हजार तास टिकणारे दिवे निघत होते. गटाने ठरवले की दिव्याचे आयुष्य १००० तास असावे. नुसते ठरवून ते थांबले नाहीत. सभासदांचे दिवे तपासले जात, आणि ज्याचा दिवा ठरल्यापेक्षा जास्त जगेल त्याला दंड होई! माल चांगला केल्याबद्दल दंड! हा गट दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीपर्यंत चालला.

परंतु या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती लपवली तर मीही वेष्टनवाल्यांच्याच रांगेत बसेन. तारेचा दिवा जास्त दिवस टिकावा म्हणून तार कमी तापवली, तर तेवढ्याच उजेडाला वीज अधिक लागते. म्हणून १९५१ साली ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगाने या धंद्याची चौकशी करून सांगितले की १००० तास ही मर्यादा सर्वसाधारण वापराला अवाजवी म्हणता येणार नाही. म्हणजे दिवा अल्पायुषी केला हा अपराध सरसकट नव्हे. मग खटकते काय? कोणाला कमी जगणारा आणि वीज वाचवणारा दिवा हवा असेल, कोणाला दर महिन्याला शिडीवर चढणे नको असेल. हा निवाडा घरमालकाने करायचा होता. तो चार कंपन्यांनी बंद दाराआड केला, आणि घरमालकाला कळवलेही नाही. वस्तू हलकी करणे हे नेहमीच पाप नसते. हलकी वस्तू स्वस्त मिळावी अशीही अनेकांची गरज असते. सांगून दिलेली हलकी वस्तू हा व्यवहार. न सांगता दिली की ती फसवणूक.

मग आपण काय करायचे? व्याख्याने पुष्कळ झाली. चार कामाच्या गोष्टी सांगून आवरतो.

पहिली, नाम वाचावे. विशेषणे आणि चित्रे सोडून द्यावीत. साबण की बार, आइस्क्रीम की डेझर्ट, रस की पेय, एवढेच पाहावे. दुसरी, घटकांची यादी वाचावी. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर घटक उतरत्या क्रमाने, म्हणजे जो सर्वात जास्त तो सर्वात आधी, असे लिहावे लागतात. बदामाच्या वडीत साखर पहिली आणि बदाम सातवा असेल तर ती साखरेची वडी समजावी. तिसरी, एककाची किंमत पाहावी. आता वेष्टनावर प्रत्येक ग्रॅमला किंवा मिलिलिटरला किती पैसे पडतात हे छापावे लागते. 'पाच रुपयांच्या' जादूवर तो उतारा आहे. चौथी आणि महत्त्वाची, एकट्याने खरेदी करू नये.

या चौथ्या गोष्टीचा पाठ महाराष्ट्राने फार चांगला घालून दिला आहे. बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहकांची चळवळ उभी केली. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली, आणि संगीतकार सुधीर फडके यांच्यासारखी माणसे तिच्यामागे उभी राहिली. कल्पना साधी होती. शेजारपाजारच्या काही कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र करायची, आणि पंचायतीने मालाची पारख करून तो घाऊक आणायचा. एकट्या गृहिणीला जे दिसत नाही ते हजारो घरांच्या वतीने पाहणाऱ्याला दिसते. आणि एकटीचे न ऐकणारा व्यापारी हजारो घरांचे ऐकतो. १९८६ साली ग्राहक संरक्षणाचा कायदा आला, त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा २०२० पासून अमलात आला. तो हवाच. पण कायदा फसल्यावर आठवतो, संघ फसण्यापूर्वी उपयोगी पडतो. आपल्या सोसायटीत गणपतीची वर्गणी जमते, सहलीची बस ठरते. मग तुपाची आणि साबणाची पारख एकत्र का होऊ नये? आमच्या काकांसारखा एखादा माणूस अजून कुठे टिकून असेल, तर त्याला तीस घरांची बांधलेली मागणी म्हशी विकण्यापासून वाचवू शकेल.

मराठीचा मास्तर म्हणून एक मागणे माझेही आहे. वेष्टनावरचा आवश्यक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असला म्हणजे कायद्याचे समाधान होते. आणखी एखादी भाषा वापरायला बंदी नाही, सक्तीही नाही. त्यामुळे 'खास आपल्यासाठी' हे शब्द ठळक मराठीत आणि घटकांची यादी बारीक इंग्रजीत, असा प्रकार दिसतो. लाडीगोडी मातृभाषेत आणि कबुली परभाषेत! आमच्या महाविद्यालयातील मुलींना मी दरवर्षी सांगतो: घरी जा, आईला आणि आजीला डब्यावरचा मजकूर मराठीत करून वाचून दाखवा. निबंधापेक्षा हा स्वाध्याय कठीण आहे, पण त्याचे गुण घरचे लोक लगेच देतात. तांदूळ निवडणारी ती नजर आपल्या घरांत अजून जिवंत आहे. सुपातले खडे गेले. ते आता अक्षरांत येऊन बसले आहेत. त्या नजरेला अक्षरांकडे वळवायचे आहे, इतकेच.

तर वाचकहो, या दिवाळीत आपल्या घरी येणाऱ्या प्रत्येक सोनुबाईच्या हातातला वाळा सोन्याचा की कथलाचा, हे एकदा पाहून घ्यावे. कथलाचा असला तरी हरकत नाही. कथलालाही बाजारात मान आहे, मात्र तो कथलाच्या भावाने. आणि पणत्या लावताना त्यांत स्नेह भरपूर घालावा. वात काही वेष्टन वाचीत नाही; तेल किती आणि कसे आहे, ते तिला जळतानाच कळते.

आपणा सर्वांना ही दिवाळी सुखाची, समृद्धीची आणि निर्भेळ जावो.